जॅकट्रिप: ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून पुण्याच्या गाण्याला ठेका धरायचा असेल तर

झूमवर गाण्याची शिकवणी होते, साथ होत नाही. गुरूने जागा दाखवली, शिष्याने ऐकून परत घेतली, इथवर काम भागते. दोघांनी एका वेळी गायचे म्हटले, किंवा एकाने गायचे आणि दुसऱ्याने ठेका धरायचा म्हटले, की दुसऱ्या आवर्तनातच सगळे विस्कटते. तिथे आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, कधी त्याहूनही जास्त. शिवाय तंबोऱ्याला ते सॉफ्टवेअर पंख्याची घरघर समजून दाबून टाकते. ‘ओरिजिनल साउंड’ चालू केले की तंबोरा वाचतो, उशीर मात्र तसाच राहतो.

जॅकट्रिप नेमके या उशिरावर काम करते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. हे परीक्षण लिहिले आहे ते ग्वाल्हेरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. दाणाओळी, जनकगंज भागात शिकवणाऱ्यांचे शिष्य आज पुण्यात, इंदूरला, बडोद्याला आहेत. इथल्या तबलजींना बाहेरच्या गायकांबरोबर बसायचे असते, पण प्रत्येक बैठकीसाठी गाडीत रात्र काढणे जमत नाही. ग्वाल्हेर घराण्याचा महाराष्ट्राशी संबंधच मुळी प्रवासातून जुळला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला येऊन वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ती गायकी दक्षिणेत घेऊन गेले. समोरासमोरच्या तालमीला पर्याय नाही. दोन तालमींच्या मधल्या महिन्यांत काय करायचे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर हे सॉफ्टवेअर देते.

निकाल आधीच सांगतो. विलंबित आणि मध्यलयीच्या ख्यालाला जॅकट्रिप जरूर वापरावे. टप्पा, द्रुत तराणा, गायक-तबलजींची अटीतटीची लयकारी यांसाठी वापरू नये. आणि मांडणी करून देणारा, राउटरची सेटिंग उघडायला न घाबरणारा कुणी घरात नसेल, तर सोनोबस या याच कामाच्या सोप्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी.

हे कुणी केले आणि का

जॅकट्रिपमागे ख्रिस चेफ आहेत. चेलोवादक, संगीतरचनाकार, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संगीत व ध्वनिशास्त्राच्या संगणकीय संशोधन केंद्राचे संचालक. त्यांच्याबरोबर हुआन-पाब्लो कासेरेस यांनी हे सॉफ्टवेअर घडवले. त्याची मुळे २००० च्या सुमाराच्या ‘साउंडवायर’ या प्रकल्पात आहेत. दूर बसलेल्या कलावंतांना संगणकाच्या जाळ्यातून जोडण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते. व्हिएन्नात राहणारे कॅनडाचे कलावंत रॉबर्ट एड्रियन यांनी १९८२ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियातल्या लिंझहून २४ तास वेगवेगळ्या खंडांतल्या कलावंतांशी टेलिफोन, फॅक्स, स्लो-स्कॅन टीव्ही आणि संगणक यांच्या साहाय्याने देवाणघेवाण चालू ठेवली होती. पण चित्र किंवा मजकूर पाच सेकंदांनी पोचला तरी तो चित्र किंवा मजकूरच राहतो. ठेका पाच सेकंदांनी पोचला तर तो ठेका राहत नाही. चेफ यांनी हा वेळेचाच प्रश्न मध्यभागी आणला, म्हणून गवयांना त्यांचे काम जवळचे वाटावे.

त्यांची एक कल्पना तंबोरा लावणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. तार छेडली की लहर एका टोकाला जाऊन परत येते, आणि त्या फेरीला लागणाऱ्या वेळावर सूर ठरतो. चेफ यांनी दोन संगणकांमधल्या जाळ्यालाच तार मानले आणि त्या फेरीचा सूर ऐकवला. जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद लागले तर २०० हर्ट्झचा सूर. ग्वाल्हेर-पुण्यासारखी २५ मिलिसेकंदांची फेरी असेल तर ४० हर्ट्झ, आपल्या खर्जाच्याही बऱ्याच खाली. जोडणी स्थिर असेल तर सूर स्थिर, जोडणीत हेलकावे असतील तर सूर डुलतो. आकड्यांचे तक्ते न बघता कानाने जाळ्याची परीक्षा करायची ही रीत होती. सॉफ्टवेअरचा आजचा स्वभावही त्यातूनच आला आहे: उशीर लपवायचा नाही, तो कमीत कमी आणि एकसारखा ठेवायचा.

त्यांच्या गटाने २००४ मध्ये छापलेला टाळ्यांचा प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून, मधला उशीर कमी-जास्त करत, एकमेकांत गुंफलेल्या टाळ्या वाजवायला लावल्या. उशीर सुमारे ११.५ मिलिसेकंदांहून जास्त झाला की लय खाली येऊ लागली. त्याहून कमी उशिराला ती किंचित वाढत गेली. एका खोलीत, पण चार मीटरवर बसलेल्या दोघांमध्ये हवेतून साधारण एवढाच उशीर असतो.

उशीर कुठे कुठे साठतो

आवाज हवेत १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. फायबरमधला प्रकाश तेवढ्याच वेळात सुमारे २०० किलोमीटर जातो. ग्वाल्हेर ते पुणे हे सरळ अंतर ९५० किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे निव्वळ अंतराचे ५ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत राउटर असतात, म्हणून प्रत्यक्षात एका बाजूचे १२ धरावेत. त्यात साउंड कार्डाचा बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवायची जागा, मिळवा: ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद जाताना आणि तेवढेच येताना. दोन्हीकडच्या कन्व्हर्टरचे मिळून २. शिवाय आवाज ज्या छोट्या तुकड्यांनी जातो ती पाकिटे वाटेत पुढे-मागे होतात, ती सावरायला चार पाकिटांची रांग ठेवली तर आणखी १०.७. एकूण ३० मिलिसेकंदांच्या थोडे वर. गायकापासून दहा मीटरवर बसून तबला वाजवावा, तसे हे झाले. गायकापासून माइक एक मीटर दूर ठेवला की आणखी ३ मिलिसेकंद उगाच वाढतात, म्हणून माइक जवळच हवा.

आता हे तालावर ठेवून पाहू. ग्वाल्हेरचा विलंबित ख्याल अतिविलंबित नसतो. तिलवाड्याची मात्रा दीड सेकंदाची धरली तर ३० मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा दोन टक्के भाग. समेला कुणाला तो खटकत नाही. मिनिटाला १६० मात्रांच्या तीनतालात मात्रा ३७५ मिलिसेकंदांची होते आणि तोच उशीर आठ टक्के होतो. जाणवतो, पण निभावतो. ३२० च्या द्रुत लयीत तो सोळा टक्क्यांवर जातो. आणि हा झाला एका बाजूचा हिशेब. गायकाचा स्वर तबलजीकडे ३० मिलिसेकंदांनी पोचतो, त्यावर दिलेला ठेका गायकाकडे आणखी ३० नी परत येतो. म्हणजे गायकाला तबला ६० नी मागे ऐकू येतो, द्रुत लयीत मात्रेच्या जवळजवळ एक-तृतीयांशाने. टप्प्याच्या दाणेदार तानेला किंवा तिहाईच्या तोंडाला एवढी फट चालत नाही. ग्वाल्हेरकरांना टप्पा प्रिय आहे, तरी नेटवर त्याचा हट्ट धरू नये.

खरे नुकसान उशिराने होत नाही, एकमेकांची वाट पाहण्याने होते. दोघेही दुसऱ्याला सांभाळायला गेले की प्रत्येक मात्रा कणभर लांबते. दर मात्रेला फक्त १ मिलिसेकंदाची वाढ झाली तरी तीनतालाच्या पाच आवर्तनांत १६० ची लय १३२ वर येते. यावर एकच इलाज आहे: लय एकाच्या हाती द्यावी. ख्यालात ती तबलजीच्या हाती असावी. तबलजीने गायकाचा स्वर उशिरा येतोय हे ऐकूनही ठेका सोडायचा नाही, आणि गायकाने कानावर पडणाऱ्या ठेक्यावरच बसायचे. मग गायकाच्या बाजूचे गाणे चोख असते; तबलजीच्या कानाला मात्र गायक ६० नी मागे ओढल्यासारखा लागतो. ते सहन करण्याची सवय तबलजीला करावी लागते. ठेक्याला घट्ट, शांत डोक्याचा साथीदार इथे लागतो. प्रत्येक जागेला उत्तर द्यायची हौस असलेला नको.

पेटीवाल्याचे काम त्या मानाने सोपे. पेटी तशीही स्वराच्या मागून चालते, ती आणखी ३० नी मागे पडली तर आलापात कुणाला कळत नाही. तानेत मात्र पेटीने सावलीसारखे धावू नये, मुख्य स्वर धरून थांबावे.

तंबोरा दुसऱ्या टोकाहून पाठवू नये. दोन्हीकडे आपापला ठेवावा, म्हणजे त्याला उशीर लागत नाही आणि पाकीट हरवले तरी पार्श्वभूमी तुटत नाही. फक्त दोन्ही तंबोरे नेमके एकाच स्वराला हवेत. एकीकडे २७७ हर्ट्झ आणि दुसरीकडे २७८ असेल तर गायक एका षड्जाला धरून गातो आणि साथीदाराला तो सेकंदाला एका लाटेने हलताना ऐकू येतो. ‘काळी एक’ एवढे सांगून भागत नाही, ॲपमधला हर्ट्झचा आकडा एकमेकांना सांगावा.

सामान आणि मांडणी

संगणक साधा चालतो. साउंड कार्ड मात्र वेगळे, यूएसबीचे हवे. दोन माइकचे असेल तर तबला-डग्ग्याला वेगळे माइक लावता येतात. गायकाला एका माइकचे पुरते. चांगल्या कंपनीचे प्राथमिक मॉडेल साधारण दहा ते पंधरा हजारांत येते. विंडोजवर त्या कंपनीचाच आसिओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज आत-बाहेर नेणारा) टाकावा. सगळ्यांवर चालणारा फुकट ड्रायव्हर वापरला की बफर खाली आणता येत नाही आणि खरखर सुरू होते.

माइक निवडताना ग्वाल्हेरचा उन्हाळा लक्षात घ्यावा. मे-जूनमध्ये पारा ४५ ला टेकतो आणि डेझर्ट कूलर बंद ठेवून तासभर गाता येत नाही. कंडेन्सर माइक कूलरचे पाणी पडतानाचा आवाजसुद्धा उचलतो. डायनॅमिक, कार्डिऑइड माइक तोंडापासून १०-१५ सेंटिमीटरवर, आणि त्याची पाठ कूलरकडे, हे उत्तम. दायाँवर चाटेच्या बाजूने साधारण २० सेंटिमीटर वर, डग्ग्याला थोडे बाजूने. पेटीला पट्ट्यांच्या बाजूने ३० सेंटिमीटर, भात्याकडून नको.

हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथ हेडफोन एकटाच शंभर-दीडशे मिलिसेकंद खातो, मग बाकी सगळी मेहनत वाया. स्पीकरही चालणार नाहीत, कारण जॅकट्रिप प्रतिध्वनी पुसत नाही. समोरच्याचा आवाज तुमच्या माइकमधून त्याला परत जातो. स्वतःचा आवाज साउंड कार्डावरच्या ‘डायरेक्ट मॉनिटर’ने ऐकावा, सॉफ्टवेअरमधून नाही.

राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची केबल टाकावी. हा सल्ला टाळणारे जवळजवळ सगळेजण नंतर ‘आवाज फाटतो’ अशी तक्रार करतात. वायफायचा वेग कमी असतो असे नाही. पाकिटे कधी लवकर, कधी उशिरा पोचतात, हा त्याचा दोष आहे. १२८ च्या बफरला सेकंदाला ३७५ पाकिटे जातात. त्यातले एक उशिरा आले तर ते हरवल्यासारखेच, कारण त्याची वेळ निघून गेलेली असते.

वेग फार लागत नाही. जॅकट्रिप आवाज दाबत नाही, जसाच्या तसा पाठवते, म्हणून १६ बिटच्या एका चॅनेलला दोन्ही दिशांना सुमारे ०.९ एमबीपीएस पुरतात. फायबरच्या साध्या प्लॅनला हे काहीच नाही. पण त्याच वेळी घरातल्या कुणाच्या फोनमधून फोटोंचा बॅकअप वर चढत असेल तर राउटरात रांग लागते आणि सगळे बिघडते. आधी पिंग करून, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते, पाहावे. सरासरी आकड्यापेक्षा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतला फरक बघावा. सतत ३० येत असेल तर छान. बहुतेक वेळा २४ आणि मधूनच ७० येत असेल तर ती जोडणी गाण्याला निरुपयोगी. मोबाइलचे ५जी बऱ्याचदा याच दुसऱ्या प्रकारात मोडते, वेगाचा आकडा कितीही मोठा दिसो.

जोडणी: थेट की हबमधून

दोघांनाच जोडायचे तर थेट जोडणीत उशीर सर्वांत कमी. पण त्यासाठी एकाकडे तरी स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता लागतो, आणि आपल्याकडे पुष्कळ कंपन्या एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच. अशा वेळी पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरची जोडणी राउटरमधून आपल्या संगणकाकडे वळवून) काही होत नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घ्या किंवा हब वापरा.

हब म्हणजे भाड्याचा एक सर्व्हर, ज्याला सगळे जोडले जातात. तो कुठे घ्यायचा यावर बरेच अवलंबून आहे. ग्वाल्हेर-पुणे किंवा ग्वाल्हेर-बडोदा जोडीला मुंबईचा घ्यावा. दोघेही ग्वाल्हेरातच असतील तर दिल्लीचा. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांचे ग्राहकसुद्धा अनेकदा दिल्ली-मुंबईलाच जाऊन एकमेकांना भेटतात, म्हणून बाड्यावरून मुरारला जाणारा आवाज थेट जाईल असे धरू नये. सिंगापूर चुकूनही निवडू नका. ते जवळजवळ चार हजार किलोमीटर आहे, जाण्याचे २० आणि येण्याचे २० मिलिसेकंद अंतरातच गेले.

सर्व्हरला दोन कोअर आणि उबुंटू पुरे. त्याला साउंड कार्ड नसते, म्हणून तिथे जॅक (जॅकट्रिप ज्यावर चालते तो आवाजाचा प्रोग्राम) ‘डमी’ ड्रायव्हरवर चालवावे, ४८,००० आणि १२८ वर. फायरवॉलमध्ये टीसीपी ४४६४ आणि यूडीपी ६१००२ पासून पुढची पोर्टे उघडावीत, प्रत्येक माणसामागे एक. टीसीपी उघडून यूडीपी विसरले की ‘कनेक्टेड’ दिसते पण आवाज येत नाही. तासावर भाडे असते, म्हणून रियाझ संपला की मशीन बंद करायचे ध्यानात ठेवावे. नुसते जॅकट्रिप बंद केल्याने भाडे थांबत नाही.

नव्या माणसाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट अशी: सगळे हबला जोडले गेलेत, दिवे हिरवे आहेत, आणि कुणालाच कुणी ऐकू येत नाही. कारण हबच्या मूळ सेटिंगमध्ये प्रत्येकजण फक्त सर्व्हरला जोडला जातो, एकमेकांना नाही. हब सुरू करताना पॅच, म्हणजे कुणाचा आवाज कुणाला जोडायचा याची मांडणी, क्रमांक २ निवडावा. मग प्रत्येकाला बाकीच्यांचा आवाज येतो आणि स्वतःचा परत येत नाही. क्रमांक ४ मध्ये स्वतःचाही येतो. तो दूरच्या साथीदारांच्या कानाने आपले गाणे कसे पोचते ते तपासायला ठीक, रोजच्या कामाला नको.

सॅम्पल रेट सगळीकडे ४८,००० हवाच. बफरही सगळ्यांनी १२८ च ठेवला तर निम्मे घोळ टळतात.

काय बिघडते

दर दोन मिनिटांनी एक बारीक ‘टिक’ ऐकू येत असेल तर नेटला दोष देऊ नका. दोन साउंड कार्डांची घड्याळे कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत २० एवढा फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल पुढे-मागे होतो आणि सव्वादोन मिनिटांत १२८ चा एक बफर घसरतो. जॅकट्रिपच्या बफर पद्धतींमध्ये तिसरी निवडावी आणि रांग ‘ऑटो’वर ठेवावी. ही पद्धत चेफ यांनीच नंतर घातली. ती घड्याळांचा फरक सांभाळते आणि हरवलेल्या पाकिटाच्या जागी आधीच्या आवाजावरून अंदाजाने भर घालते.

या भरीची मर्यादा तबल्यावर दिसते. गळा, पेटी, सारंगी यांचा लांब स्वर क्षणभर तसाच पुढे चालू शकतो, त्यामुळे तिथे २.७ मिलिसेकंदांचे भोक बुजलेले कळत नाही. ‘ना’ची चाट पडण्याआधी मात्र तिचा काही मागमूस नसतो, अंदाज कशावरून बांधणार? नेमके ते पाकीट हरवले की बोल बोथट होतो. म्हणून तबलजीच्या घरची जोडणी सर्वांत चांगली असावी. गायकाच्या घरी थोडे कमी-जास्त चालेल. शक्य असेल तर तबलजीने पाकिटे दुहेरी पाठवावीत. त्यासाठी रिडंडन्सी २ ठेवावी. बँडविड्थ दुप्पट लागते, पण एकटेदुकटे पाकीट हरवले तर दुसरी प्रत हाताशी असते.

आवाज यंत्रमानवासारखा येऊ लागला तर बफर १२८ वरून २५६ करून पाहा. उशीर वाढेल, पण साफ आवाजातला जास्त उशीर हा फाटक्या आवाजातल्या कमी उशिरापेक्षा बरा. लय एकाच्या हाती असेल तर तो पचतो.

वीज गेली की इन्व्हर्टरवर जातानाच्या क्षणात फायबरची डबी आणि राउटर पुन्हा सुरू होतात, आणि जोडणी परत यायला दोन-तीन मिनिटे जातात. दोघांनाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. लॅपटॉपची बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरे पर्याय

सोनोबस फुकट आहे, मोबाइलवरही चालते, आणि गटाचे नाव व पासवर्ड टाकला की जोडणी होते. दोघातिघांना उत्तम. त्यात आवाज दाबून पाठवता येतो किंवा न दाबताही. दाबायचाच असेल तर चॅनेलचा दर फार खाली नेऊ नये. तंबोऱ्याची जवारी आधी मरते. त्याची अडचण संख्येची आहे. प्रत्येकजण प्रत्येकाला स्वतंत्र प्रत पाठवतो, म्हणून पाच जण असतील तर प्रत्येकाच्या घरून चार प्रती वर चढतात. जॅकट्रिपच्या हबमध्ये माणसे वाढली तरी घरची गरज वाढत नाही, ओझे सर्व्हरवर पडते. पाच-सहा शिष्यांचा वर्ग असेल तर हा फरक निर्णायक आहे.

जॅम्युलसही हबच्या धर्तीवर चालते, मांडायला जॅकट्रिपहून सोपे आहे. ते आवाज नेहमी दाबूनच पाठवते. वाद्यवृंदाला, भजनी मंडळाला चांगले. ख्यालाच्या तालमीला, जिथे स्वराचा कण ऐकवायचा असतो, तिथे आमचा कौल जॅकट्रिपला.

जॅकट्रिपच्याच लोकांनी चालवलेली ‘व्हर्च्युअल स्टुडिओ’ ही सेवा आहे. तिथे सर्व्हर, पॅच, पोर्ट यांतले काही बघावे लागत नाही, बटण दाबले की खोली उघडते. काही सोयींना पैसे पडतात. घेण्याआधी सर्व्हरच्या यादीत मुंबई मिळते का तेवढे तपासा. मिळत नसेल तर ही सोय आपल्या उपयोगाची नाही.

नुसत्या जॅकट्रिपमधून चित्र जात नाही. गुरूचा हात, सम दाखवणारी मान बघायची असेल तर बाजूला व्हिडिओ कॉल आवाज बंद करून चालवावा. चित्र आवाजाच्या मागे पडते, म्हणून त्यावर लय धरू नये. मान हलेपर्यंत सम होऊन गेलेली असते.

ध्वनिमुद्रण करायचे तर नेटवरून आलेला आवाज मुद्रित करण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरी आपला आवाज वेगळ्या फायलीत घ्यावा, ४८,००० वरच. तबलजीने मात्र सोबत कानावर येणारा गायकाचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घेऊ नये. तो ६० नी मागचा असतो आणि नंतर जुळवणाऱ्याला फसवतो. गायकाने उलट तबल्याचा आलेला आवाज दुसऱ्या ट्रॅकवर जरूर घ्यावा. तो कितीही मागे-पुढे असो, गायक त्याच्यावरच बसून गायला आहे. तबलजीची स्वच्छ फाइल आली की ती सरकवून गायकाकडच्या त्या तबल्याच्या ट्रॅकवर चाटेला चाट भिडवायची आणि मग तो कच्चा ट्रॅक बंद करायचा. तासाभराच्या मुद्रणात शेवटाकडे घड्याळांच्या फरकाने पन्नास-साठ मिलिसेकंदांची घसरण सहज होते, म्हणून विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फायलींत घ्यावेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे भिडवावेत.